नोटीस स्कॅन करून चढवू नका: सार्वजनिक संकेतस्थळ सर्वांना वापरता यावं यासाठी सोलापूरकरांचं मार्गदर्शक

सोलापुरात मिळकत कर भरायचा असो, जन्माचा दाखला काढायचा असो की सातबारा बघायचा असो, कुठल्याही खिडकीवर गेलात तर हल्ली पहिलं उत्तर मिळतं, "ऑनलाइन आहे की." उत्तर खरं असतं. पण ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो, ज्याला घरी तेलुगू किंवा कन्नड बोलायची सवय आहे आणि सरकारी मराठी उमगत नाही, किंवा ज्याच्या हातात काच फुटलेला जुना मोबाइल आहे, त्याला त्या ऑनलाइनमध्ये शिरताच येत नाही. मग तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, आपला आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी परक्या माणसाला सांगतो आणि जे काम घरबसल्या फुकट व्हायला हवं होतं त्याचे पैसे मोजतो.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितो आहे. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत, पंचायत समिती, सरकारी महाविद्यालय अशा ठिकाणी ज्यांच्या टेबलावरून संकेतस्थळावर मजकूर चढतो ते कर्मचारी आणि ऑपरेटर, हे पहिले. दुसरे म्हणजे हे काम नीट व्हावं म्हणून पाठपुरावा करू इच्छिणारे नागरिक आणि विद्यार्थी. माझं ठाम मत असं की, सुलभता, म्हणजे संकेतस्थळ सर्वांना वापरता येणं, ते बनवणाऱ्या कंपनीकडे जितकी बिघडते, त्याहून जास्त ती रोज नोटीस चढवणाऱ्या टेबलावर बिघडते. त्या टेबलावरची दुरुस्ती बहुतेक वेळा बिनपैशाची असते, म्हणून या लेखातला सगळ्यात मोठा भाग तिच्यासाठी ठेवला आहे.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा या सुलभतेचा (कायद्याच्या भाषेत सुगम्यतेचा) पाया. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. कलम ४० माहिती आणि संपर्क तंत्रज्ञानासह सगळ्याच बाबतींत सुगम्यतेची मानकं ठरवायला सांगतं आणि कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम्य स्वरूपात असावा म्हणतं. त्याखालच्या २०१७ च्या नियमांनी सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. ती पहिल्यांदा २००९ मध्ये आली. २०२३ मधली तिसरी आवृत्ती मोबाइल ॲपलाही धरून आहे आणि तिचा सुलभतेचा भाग डब्ल्यूसीएजी २.१ या जागतिक मानकाच्या डबल-ए पातळीवर उभा आहे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे, त्याचा पहिला भाग २०२१ चा आणि दुसरा २०२२ चा.

"ती नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सक्ती कुठे आहे?" असं तुम्हाला कोणी म्हणालं तर दोन निकाल लक्षात ठेवा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कायद्याला सक्तीचे नियम अपेक्षित असताना २०१७ च्या नियमांतल्या नियम १५ ने त्यांना शिफारशींच्या पातळीवर ठेवलं आणि हे कायद्याशी विसंगत आहे. सक्तीचे नियम करा, असा आदेशही दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. ते प्रकरण ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं होतं. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या व्यक्तीला कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा असं यंत्र सांगत होतं. विडी वळून किंवा माग चालवून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत, त्यांना अशा अडचणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ओळख पटवायचा एकच मार्ग ठेवला की कोणीतरी बाहेर राहतंच.

पहिली पायरी: एक काम निवडा

तपासणीला बसलं की बहुतेक जण मुखपृष्ठ उघडतात आणि चर्चा बॅनर, फोटो आणि फिरत्या पट्ट्यांवर जाते. नागरिक काम घेऊन येतो. तेव्हा लोक सर्वांत जास्त कशासाठी येतात ते आवक-जावक टेबलाला आणि फोन उचलणाऱ्याला विचारा. सोलापुरात ती यादी साधारण अशी निघेल: मिळकत कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखला, पाणी कधी येणार, भरतीची जाहिरात, दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतल्या योजना. यातलं एक काम घ्या आणि गूगलवर शोधण्यापासून पावती हातात पडेपर्यंत ते स्वतः करा. पैसे भरताना मधेच बँकेच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या पानावर जावं लागत असेल तर तेही तपासा. "तो भाग आमचा नाही" हे कार्यालयाच्या दृष्टीने खरं असेल, पण कर भरणाऱ्यासाठी ते एकच काम आहे. पावतीची पीडीएफ वाचता आली नाही तर ते काम अपुरंच राहिलं.

दुसरी पायरी: माउस बाजूला ठेवा

माउसची वायर काढा. टॅबच्या कळीने पुढे जा, शिफ्ट धरून टॅबने मागे या, एंटरने लिंक उघडा, स्पेसने चौकट निवडा, एस्केपने उघडलेली खिडकी बंद करा. बघायच्या गोष्टी तीनच आहेत. आपण आत्ता कुठे आहोत ते दिसतंय का? मेनूमधल्या प्रत्येक गोष्टीपर्यंत पोहोचता येतंय का? आणि कुठे अडकून तर पडत नाही ना?

पहिल्याच प्रश्नावर अनेक संकेतस्थळं नापास होतात. निवडलेल्या लिंकभोवती ब्राउझर आपोआप एक चौकट काढतो. ती डिझायनरला "घाण दिसते" म्हणून काढून टाकलेली असते. ती परत आणणं एका ओळीचं काम आहे. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे माउस वर नेल्यावरच उघडणारे मेनू. ज्याचा हात थरथरतो, ज्याला एक हात नाही, जो तोंडात काडी धरून कळा दाबतो, त्याच्यासाठी तो मेनू नसल्यासारखाच आहे. पानाच्या सुरुवातीला "मुख्य मजकुराकडे जा" अशी लिंक हवी, म्हणजे प्रत्येक पानावर तोच लांबलचक मेनू पार करत बसावं लागत नाही.

तिसरी पायरी: डोळे मिटून ऐका

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या भागात टॉकबॅक हे वाचक-यंत्र, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय असते. ते सुरू केलं की बोट उजवीकडे सरकवल्यावर पुढची गोष्ट वाचली जाते आणि दोनदा टकटक केल्यावर ती उघडते. गूगलच्या बोलण्याच्या इंजिनात मराठी आवाज आहे. सुरू करण्याआधी ते बंद कसं करायचं ते वाचून ठेवा, कारण टॉकबॅक चालू असताना फोनचे सगळे हातवारे बदलतात.

संगणकासाठी एनव्हीडीए हे वाचक-यंत्र घ्या. ते फुकट आहे, दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरांनी सुरू केलेलं आहे, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक आवाजात मराठी आहे. आवाज यांत्रिक वाटतो, पण तो वापरणारे लोक तो भन्नाट वेगाने ऐकतात. चार कळा पुरेत: एच दाबला की पुढचं शीर्षक, के दाबला की पुढची लिंक, एफ दाबला की फॉर्मचा पुढचा रकाना, टी दाबला की पुढचा तक्ता. इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी समोर येते. ती यादी एकदा ऐकाच. "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, डाउनलोड, डाउनलोड, येथे क्लिक करा." दृष्टिहीन माणूस लिंका अशाच चाळतो, आणि त्या यादीतून त्याला काहीच कळत नाही. लिंकचं नाव "मिळकत कर भरा" किंवा "लिपिक भरतीची जाहिरात, पीडीएफ" असं ठेवा.

मराठी पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण इंग्रजी राहून गेलेली असते, हेही इथेच सापडतं. मग वाचक-यंत्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला बघतं आणि तो ऐकवत नाही. पानाच्या मुळाशी भाषेची खूण मराठीची हवी आणि मध्ये इंग्रजी परिच्छेद आला तर तेवढ्यापुरती इंग्रजीची. या एका खुणेचा आणखी एक फायदा आहे: चांगला देवनागरी फॉन्ट ती खूण बघून ल आणि श ही अक्षरं मराठी वळणाची दाखवतो.

चौथी पायरी: नोटीस

आता मुख्य विषय. एखाद्या कार्यालयातून पाण्याचं वेळापत्रक संकेतस्थळावर कसं जातं ते बघू. एक्सेलमध्ये तक्ता होतो. त्याची प्रिंट निघते. साहेबांची सही होते, शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो. मग तो कागद स्कॅनरवर जरा तिरका ठेवून स्कॅन होतो आणि "स्कॅन ४७" अशा नावाने चढतो. शेजारी लाल रंगात "नवीन" लुकलुकू लागतं.

टॉकबॅक वापरणाऱ्या आजी त्यावर टकटक करतात तेव्हा फोन सांगतो की दस्तऐवज रिकामा आहे. तो खरोखर रिकामा आहे, कारण आत एकही अक्षर नाही, नुसता अक्षरांचा फोटो आहे. गूगललाही तो सापडत नाही. ज्याला दिसतं पण कमी दिसतं, तो मोबाइलवर तो तक्ता मोठा करतो, तेव्हा आपल्या पेठेचं नाव डाव्या कडेला राहतं आणि वेळ उजव्या कडेला जाते. दोन्ही एका वेळी पडद्यावर येत नाहीत. ज्या शहरात काही दिवसांआड पाणी येतं तिथे त्या एका ओळीवर अख्ख्या घराचा दिवस अवलंबून असतो.

हीच नोटीस नीट कशी चढवायची?

मूळ मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर आणि संगणकावर मराठीच राहणाऱ्या अक्षर-पद्धतीत टाइप करा. हे झालंय का ते तपासायची सोपी युक्ती म्हणजे मजकुरातले तीन-चार शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा स्वतःच्या व्हॉट्सॲपवर चिकटवायचे. मराठी दिसलं तर युनिकोड. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर जुना फॉन्ट. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर क दिसतो, पण फाइलच्या आत रोमन लिपीतला डी साठवलेला असतो. वाचक-यंत्र डोळ्यांनी बघत नाही, आतलं साठवलेलं वाचतं. जुन्या फायलींसाठी फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात.

मग तो मजकूर संकेतस्थळाच्या पानावरच टाका, सरळ मजकूर म्हणून. पीडीएफ हवी असेल तर ती खाली जोडा, पण नोटीस पानावरच वाचता आली पाहिजे. याला एक खास मराठी कारण आहे. युनिकोडमधून बनवलेल्या पीडीएफमध्येही देवनागरीची वेलांटी आणि जोडाक्षरं काही वेळा आतून विस्कटतात. दिसायला ठीक, पण कॉपी केलं की पहिल्या वेलांटीची जागा चुकलेली. वेबपानावर हा प्रश्न येत नाही.

तक्ता असेल तर तक्ताच घाला, त्याचं चित्र नको. पहिल्या ओळीतल्या "भाग", "वार", "वेळ" या रकान्यांना शीर्षक-रकाने म्हणून खूण करा, आणि पेठेच्या नावाचा पहिला उभा रकानाही तसाच. मग वाचक-यंत्र तक्त्यात फिरताना "साखर पेठ, वार, गुरुवार" असं संदर्भासह वाचतं. खूण नसेल तर नुसतंच "गुरुवार" ऐकू येतं आणि कुणाचा गुरुवार ते शोधायला मागे जावं लागतं. एकमेकांत मिसळलेले रकाने टाळा. एका पेठेचा वार दुसऱ्या पेठेसारखाच असेल तरी तो पुन्हा लिहा. जागा थोडी जास्त जाईल, गोंधळ होणार नाही.

पीडीएफ काढायचीच असेल तर वर्डमध्ये शीर्षकाला शीर्षकाची शैली द्या. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं अक्षर यंत्राच्या लेखी शीर्षक नसतं. फाइल जतन करताना पीडीएफचा प्रकार निवडा आणि पर्यायांमध्ये सुलभतेसाठी रचनेच्या खुणा ठेवायची चौकट टिकमार्क असल्याची खात्री करा. लिब्रेऑफिसमध्ये त्याला टॅग्ड पीडीएफ म्हणतात. प्रिंटच्या आज्ञेतून पीडीएफ काढली की या खुणा गळून पडतात, म्हणून तो रस्ता नको.

"पण सही?" हा प्रश्न मला प्रत्येक कार्यालयात विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर मंत्रालयाने रोजच्या व्यवहारात दिलेलं आहे. महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय गेली अनेक वर्षं डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून संकेतस्थळावर येतात, शेवटी तसं वाक्यच असतं, सोबत संकेतांक असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि त्यावरच्या स्वाक्षरीला मान्यता देतो. डिजिटल सहीची सोय अजून नसेल तर सही-शिक्क्याचा कागद फाइलला लावा, त्याचं स्कॅन हवं तर पुरावा म्हणून खाली जोडा, आणि वर तोच मजकूर टाइप करून "स्वाक्षरित" असं लिहून अधिकाऱ्याचं पदनाम द्या. मजकूर संगणकात आधीपासून होताच. तो छापून, फोटो काढून, निर्जीव करून चढवण्यातच वेळ जातो.

जुन्या स्कॅनचा डोंगर बघून हातपाय गाळू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबींचे दस्तऐवज, चालू योजना आणि ज्यांच्यासाठी वारंवार फोन येतात ते कागद आधी घ्या. अक्षरं ओळखणारी ओसीआरची साधनं मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी उचलतात. गूगल डॉक्समधून ते फुकट होतं. पण रक्कम, तारीख आणि सर्व्हे नंबर मूळ कागदाशी ताडून बघितल्याशिवाय काही चढवू नका.

पोस्टरबद्दल वेगळं सांगायला हवं. शिबिराची, मेळाव्याची माहिती हल्ली रंगीत चित्रात येते, व्हॉट्सॲपवरून संकेतस्थळावर जाते. दिव्यांग प्रमाणपत्र तपासणीच्या शिबिराची तारीख, जागा आणि सोबत आणायची कागदपत्रं चित्राच्या आतच राहतात आणि ज्यांच्यासाठी शिबिर आहे त्यांनाच ती वाचता येत नाहीत, ही गोष्ट मला फार लागते. चित्र ठेवा, पण चित्राच्या खाली तोच तपशील मजकुरात लिहा. चित्राच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे वाचक-यंत्र चित्राऐवजी जे वाचतं त्यात, "बॅनर १" असं नको. "दिव्यांग प्रमाणपत्र शिबिराचं पोस्टर, तपशील खाली दिला आहे" एवढं पुरतं. गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी वाहतुकीचे बदललेले मार्ग नकाशाच्या चित्रात येतात, तिथेही बंद रस्ते आणि पर्यायी रस्ते ओळीने लिहून द्या. ते रिक्षावाल्यालाही सोपं जातं.

पाचवी पायरी: फॉर्म

प्रत्येक रकान्याला कायम दिसणारं नाव हवं. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत "मालमत्ता क्रमांक" लिहून ठेवलं आणि टाइप करायला लागताच ते गायब झालं, तर विसरभोळ्या माणसाला मागे जायला काही उरत नाही. नाव रकान्याला कोडमध्ये बांधलेलं असावं. त्याची परीक्षा सोपी: नावावर क्लिक केलं की कर्सर रकान्यात गेला पाहिजे.

आपल्याकडचा एक खास दोष अंकांचा आहे. मराठी कीबोर्डवरून माणूस ९८ असे देवनागरी अंक टाइप करतो आणि फॉर्म म्हणतो, "अवैध माहिती". यंत्राने ते अंक स्वतः बदलून घ्यावेत, हे प्रोग्रामरला काही मिनिटांचं काम आहे. चूक सांगतानाही नुसता रकाना लाल करू नका. लाल रंग न ओळखणाऱ्याला आणि न दिसणाऱ्याला काहीच कळत नाही. "मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक टाकले आहेत" असं रकान्याजवळ लिहा आणि कर्सर तिथे न्या. आधी भरलेली बाकीची माहिती पुसू नका. अर्ध्या तासाची मेहनत पुसली गेली की वयस्कर माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

कॅप्चा म्हणजे वाकडीतिकडी अक्षरं ओळखा हा प्रकार. तो टाळता आला तर टाळाच. ओटीपी घेत असाल तर कॅप्चाची गरज बहुधा नसते. ठेवायचाच असेल तर ऐकायचा पर्याय हवा, आणि तो मराठी पानावर इंग्रजी उच्चारात नको. ओटीपीचा रकाना चिकटवायला मज्जाव करत नाही ना ते बघा. वेळ संपणार असेल तर आधी सूचना द्या आणि एका कळीवर वेळ वाढवून द्या. डब्ल्यूसीएजी त्यासाठी किमान २० सेकंदांची मुदत मागतं.

सहावी पायरी: रंग आणि अक्षर

साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालतो. फरक मोजणारी साधनं फुकट आहेत. पण सोलापुरात खरी परीक्षा मे महिन्यात दुपारी पार्क चौकात उभं राहून मोबाइलवर पान उघडलं की होते. राखाडी अक्षरं त्या उन्हात पूर्ण पुसली जातात. पान २०० टक्के मोठं केलं तरी मजकूर कापला जाऊ नये. फिरती पट्टी पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल तर ती थांबवायचं बटण लागतं. माझं मत विचाराल तर ती पट्टीच काढा.

देवनागरीच्या बाबतीत दोन गोष्टी इंग्रजी डिझाइनमधून आलेल्या चुका आहेत. एक, ओळींमधलं अंतर. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या अंतरात ते एकमेकांत घुसतात. अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी अंतर ठेवा. दुसरी, अक्षरांमध्ये शोभेसाठी जागा सोडणं. त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरलेला दिसतो. देवनागरीत ही गोष्ट शून्यच ठेवा.

वरच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची आणि रंग उलटे करायची बटणं लावली की सुलभता झाली, असा एक समज पक्का बसला आहे. ती बटणं असायला हरकत नाही. पण आत स्कॅन केलेली नोटीस असेल तर ते मोठं करायचं बटण काय मोठं करणार?

आणि पानाचं वजन. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी जमतात तेव्हा नेटवर्कचा जीव जातो. मदत केंद्रांची यादी बघायला आलेल्या माणसाला आधी मोठमोठे फोटो उतरवून घ्यावे लागू नयेत. अशा दिवसांसाठी मजकुराचं हलकं पान वेगळं ठेवलेलं बरं.

सातवी पायरी: लोकांची भाषा

"उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधित मिळकतधारकांना सूचित करण्यात येते की, चालू आर्थिक वर्षाच्या कराचा भरणा विहित मुदतीत न केल्यास नियमानुसार शास्ती आकारण्यात येईल." हे वाक्य कानाने ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं आणि तारीख तरीही कळत नाही. "मिळकत कर ३१ मार्चपर्यंत भरा. नंतर भरल्यास दंड लागेल." कायदेशीर भाषेतली मूळ नोटीस हवी तर खाली असू द्या, वर हे दोन वाक्यांचं सार द्या. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांना, कमी शिकलेल्यांना, मराठी ही दुसरी भाषा असलेल्यांना याचा थेट उपयोग होतो.

सोलापूर मराठीइतकंच तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारं शहर आहे. सगळं संकेतस्थळ चार भाषांत करणं शक्य नसेल, पण पाणी, आरोग्य आणि कराची दोन-तीन पानं माणसाकडून भाषांतर करून ठेवता येतात. भाषा बदलायचं बटण त्या त्या लिपीतच लिहा, भाषेची खूण प्रत्येक पानाला योग्य द्या आणि उर्दू पानाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवा. आपोआप भाषांतर करणाऱ्या बटणावर दंडाच्या रकमा आणि औषधाच्या सूचना सोपवू नका.

व्हिडिओ चढवत असाल तर खाली मराठी सबटायटल द्या. यूट्यूबने आपोआप काढलेली सबटायटल दुरुस्त करूनच.

आठवी पायरी: निविदा आणि स्वीकृती

नवं संकेतस्थळ होणार असेल तर निविदेत "जीआयजीडब्ल्यू नियमांनुसार असावे" ही एक ओळ टाकून भागत नाही. लहान कार्यालयांनी स्वतंत्र संकेतस्थळ बनवण्याआधी एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेच्या एस-थ्री-वास या संकेतस्थळाच्या तयार चौकटीचा विचार करावा. पायाभूत सुलभता तिथे आधीच बांधलेली असते. स्वतंत्रच करायचं असेल तर हे लिहून घ्या: डब्ल्यूसीएजी २.१ डबल-ए आणि आयएस १७८०२ नुसार लेखी तपासणी अहवाल. ठरलेली कामं वाचक-यंत्र वापरणाऱ्या दिव्यांग व्यक्तीने, मोबदला देऊन, करून बघितल्याशिवाय शेवटचं बिल नाही. दोष कळवल्यावर किती दिवसांत दुरुस्ती. आणि कार्यालयातल्या ऑपरेटरांना नोटीस चढवण्याचं प्रशिक्षण. मोबदल्याचा मुद्दा मी मुद्दाम घालतो. दिव्यांग व्यक्तीचं परीक्षण हे कौशल्याचं काम आहे, ते उपकार म्हणून मागू नये.

स्वयंचलित साधनंही वापरा. क्रोममध्ये लाइटहाउस आधीच असतं, वेव्ह आणि ॲक्स फुकट मिळतात. रंगाचा कमी फरक, नसलेला पर्यायी मजकूर, बिननावाचे रकाने ती लगेच पकडतात. पण फोटोचा पर्यायी मजकूर "इमेज १" असेल तर तो असल्याचं समाधान मानून पुढे जातात. म्हणून शंभरपैकी शंभर गुण आले तरी दुसरी आणि तिसरी पायरी चुकवू नका.

नागरिकांनी काय करायचं

"तुमचं संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता येत नाही" अशी तक्रार कोणाच्याच टेबलावर हलत नाही. कोणतं काम, कोणतं पान, कोणता फोन किंवा ब्राउझर, कोणतं वाचक-यंत्र, कुठल्या बटणावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, एवढं लिहा. जमलं तर आवाजासह पडद्याचं रेकॉर्डिंग जोडा. अधिकाऱ्याने एकदा वाचक-यंत्राचा आवाज ऐकला की बोलणं सोपं होतं. अर्ज संकेतस्थळ सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि पोच घ्या.

हललं नाही तर केंद्राच्या सुगम्य भारत ॲपवर फोटोसह नोंद करता येते. पुण्यातल्या राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अधिनियमाच्या कलम ८० खाली दाद मागता येते. अधिनियमाच्या उल्लंघनाला कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख रुपये दंड सांगितला आहे.

दरम्यान १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात तीन गोष्टी मागा: संकेतस्थळाची शेवटची सुलभता तपासणी कधी झाली आणि तिच्या अहवालाची प्रत, कंपनीबरोबरच्या करारातल्या सुलभतेच्या अटींची प्रत, आणि गेल्या वर्षात सुलभतेबद्दल आलेल्या तक्रारी व त्यांवर केलेली कार्यवाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. अर्जदार दृष्टिहीन किंवा कर्णबधिर असेल तर माहिती वापरता यावी यासाठी मदत करणं हे कलम ७(४) नुसार माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. तेव्हा अर्जातच लिहून टाका की उत्तर ईमेलवर, युनिकोड मजकुरात हवं, स्कॅन नको.